फळ्यावर न लिहिलेलं नाव

करमाळ्याच्या बाजूला कुठंही गेले आणि शेतात मोटारीची पेटी दिसली, की मी गाडी थांबवते. बांधावरून आत जाते, कुत्रं अंगावर आलं तर त्याला हाड हाड करते, आणि पेटीच्या खालच्या कडेला कोरलेला नंबर वाचते. शेतातलं माणूस लांबून ओरडतं, "कोण हाय वो तुमी? लाइटवाल्या का?" मी म्हणते, "न्हाई, पेटीवाली." मला एकेचाळीस नंबरची पेटी हवी आहे. ती अजून सापडलेली नाही. मुजावर सरांना जाऊन आता दोन वर्षं होतील. ती पेटी सापडेपर्यंत सर गेले असं मला नीट म्हणताही येत नाही.

बशीर मुजावर. आम्ही सगळे 'सर' म्हणायचो, पण ते कुठल्या शाळेत किंवा कॉलेजात शिकवत नव्हते. आमच्या कारखान्यात प्रोग्राम लिहायचे. कारखाना म्हणजे तरी काय, सोलापूरच्या एमआयडीसीतला एक गाळा, वर पत्रा, आत मालक धरून पाच माणसं. शेतातली मोटर मोबाइलवरून चालू-बंद करायची पेटी आम्ही बनवतो. पेटीत नखाएवढा मायक्रोकंट्रोलर असतो. वीज आली का, पाणी आहे का, शेतकऱ्यानं काय मेसेज टाकला, हे सगळं त्यानंच बघायचं. त्याला ते कसं बघायचं हे सर शिकवायचे.

उंचीनं बेताचे. अंगात कायम पांढरा हाफ शर्ट आणि खिशाच्या खाली सोल्डरिंगचा जळका डाग. असे चार शर्ट होते आणि चारींना डाग त्याच जागी, कारण गरम कांडी हातात असताना खिशातली बडीशेपेची डबी काढायची खोड. चष्मा शर्टाच्या टोकानं पुसायचे आणि आधीपेक्षा घाण करून डोळ्यावर चढवायचे. 'हो' म्हणायचं असलं की लांबलचक 'हौ' म्हणायचे. त्या एका 'हौ'मध्ये राग, शाबासकी, शंका, काहीही असायचं. ते आपलं आपण ओळखायचं.

मी होटगीची. वडील रेल्वेत गँगमन. डिप्लोमा झाल्यावर नोकरीसाठी या गाळ्यात आले तेव्हा सरांनी माझा कॉलेजातला प्रोग्राम मागून घेतला. वरून खालपर्यंत वाचला. मी सगळी व्हेरिएबल, म्हणजे आकडे ठेवायच्या जागा, सगळ्यात वर, एका रांगेत लिहून ठेवली होती. म्हणजे सगळी ग्लोबल. प्रोग्रामातल्या कुठल्याही फंक्शननं यावं, वापरावं, बदलावं. सोपं जातं ना! मार्कही बरे पडले होते.

सरांनी कपाटातून एक पाटी काढली. खरीखुरी, पोरांची दगडी पाटी. टेबलाच्या मध्ये ठेवली. पेट्यांची जुळणी करणाऱ्या नरसिंगला हाक मारली. नरसिंगचं घर विणकऱ्यांचं, घरात तेलुगू, पण चेष्टा करायची तर अस्सल सोलापुरी मराठीत. सर मला म्हणाले, "तू या पाटीवर सतराचा पाढा लिही." नरसिंगला म्हणाले, "तू याच पाटीवर तेविसाचा. दोघांनी एकदम सुरू करा. पाटी एकच."

मी तीन ओळी लिहिल्या की नरसिंग पुसायचा. त्यानं लिहिलं की मी पुसायची. सहाव्या ओळीला माझ्या सतराच्या पाढ्यात त्याचे एकशे अडतीस आले आणि त्यावरून पुढं मी एकशे पंचावन्न लिहून मोकळी झाले.

"चूक कुणाची?" सरांनी विचारलं.

"याची," मी म्हणाले.

"हिची," नरसिंग म्हणाला.

"दोघांनाही पाढे येतात," सर म्हणाले. "म्हणून ही चूक शोधायला लई वेळ लागतो. ज्याचं काम त्याची पाटी. काम झालं की पुसून टाक, बाहेर कुणाला कळायचं कारण नाही. ते लोकल. आणि सगळ्यांना बघावंच लागतं असं काही असेल, तेवढंच बाहेर."

ते 'बाहेर' म्हणजे आमच्या गाळ्यातला फळा. दारातून आत आलं की समोर. त्यावर सहा नावं खडूनं लिहिलेली असायची: वीज आली, पाणी आहे, मोटर चालू, अशी. आख्ख्या प्रोग्रामात ग्लोबल एवढीच. प्रत्येकापुढं दोन रकाने, लिहिणारा कोण आणि वाचणारे कोण. वाचणारे कितीही चालतील, लिहिणारा एकच. कुणाला सातवं नाव घालायचं असलं तर चहाच्या वेळेला सगळ्यांपुढं उभं राहून ते का लागतं हे सांगायचं, आणि पटलं तर फळ्यावर त्याच्यापुढं स्वतःचं नाव लिहायचं. मालकालासुद्धा उभं केलं होतं एकदा. बिचाऱ्यानं अर्धा तास बाजू मांडली आणि शेवटी स्वतःच म्हणाला, "जाऊ द्या सर, नकोच ते."

पुण्याहून एक इंजिनिअर पेट्या बघायला आला होता. फळा बघून हसला. म्हणाला, आता हे असं कुणी करत नाही. सरांनी विचारलं, "तुमच्या प्रोग्रामात ग्लोबल किती असतील?" तो म्हणाला, "मोजले नाहीत कधी." सरांनी त्याला बडीशेप दिली. तो गेल्यावर नरसिंग म्हणाला, "सर, बडीशेप वाया घालवली की."

घरीही हेच. मिठाची बरणी हलवली तर सांगून हलवायची, किल्ली उचलली तर सांगून उचलायची. चाची, म्हणजे सरांच्या बायको, मला सांगायच्या, "इनो एक दिन मेरा नाम बी फळ्यावर लिखते, देख तू." आणि सर आतल्या खोलीतून 'हौ' म्हणायचे.

आता जे सांगायचं ते सांगते. इतकी वर्षं मी ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यासारखं ऐकत आले, पण केलं मीच.

तो उन्हाळा होता. चाचींचं पित्ताशयाचं ऑपरेशन निघालं आणि सर आठ दिवस रजेवर गेले. नेमकं तेव्हाच मालकाला प्रोग्रामात एक भर हवी होती. वीज आल्या आल्या मोटर लगेच चालू झाली की जळते, म्हणून पेटीनं आधी एकशे वीस सेकंद मोजावेत आणि मग मोटर सुरू करावी. सोपं काम होतं. एकेचाळीस पेट्या उजनीच्या फुगवट्यावरच्या गावांत जायच्या होत्या आणि तिथं रोज फोन वाजत होते.

मी लिहिलं. आलेल्या मेसेजची अक्षरं मोजायला 'के' नावाचं व्हेरिएबल होतं, त्याच्या फंक्शनच्या आत, लोकल. तो आकडा मला दुसरीकडंही लागत होता. रीतसर पाठवायचा तर चार फंक्शनं बदलावी लागली असती. मी काय केलं, 'के' उचललं आणि सगळ्यात वर नेऊन ठेवलं. एक ओळ हलवली फक्त. आणि थोड्या वेळानं सेकंद मोजायचं लिहिताना बोटं आपोआप 'के'वरच गेली. मोजायचं म्हटलं की आम्ही सगळे 'के'च लिहितो. आत वेगळं 'के' केलंय असं वाटत होतं. केलं नव्हतं. फळ्यावर लिहिलं नाही, कारण उद्या परत आत ढकलायचंच होतं. तो उद्या आला नाही.

सर परत आले. दारातच चप्पल काढता काढता विचारलं, "फळ्यावर काय नवीन?"

"काही नाही सर."

ते दर वेळी प्रत्येक ओळ वाचायचे. त्या दिवशी चाचींना टाक्यांमुळं ताप होता आणि घरून दोनदा फोन आला. सरांनी निम्मं वाचलं. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "तू म्हणतेस ना, हौ," आणि तपासणीच्या कागदावर सही केली. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. दुसरं काही नाही.

महिन्याभरानं आमची पेटी घेतलेल्या हणमंताच्या घरून फोन आला. मालकाच्या गाडीतून आम्ही दवाखान्यात पोचलो तेव्हा हणमंताला वॉर्डात आणलं होतं. तिशीचा माणूस. ऊस, थोडी केळी, मोटर फुगवट्याच्या पाण्यावर. पाणी मागं सरेल तशी मोटर आत आत न्यावी लागते. पेटी राहते वर काठावर आणि मोटर खाली, अर्ध्या किलोमीटरवर. त्या दिवशी मोटर आणि पंप जोडणाऱ्या कपलिंगमध्ये माशाच्या जाळ्याचा तुकडा गुंडाळला गेला होता. हणमंत तो काढायला गुडघाभर पाण्यात उतरला. तेवढ्यात काठावरच्या शेडमधला बल्ब लागला, म्हणजे वीज आली. त्यानं लगेच 'बंद'चा मेसेज टाकला. पेटीचा मिस कॉल आला. मेसेज मिळाला, अशी खूण म्हणून तो आम्हीच ठेवला होता. मिस कॉल आला म्हणून त्यानं कपलिंगमध्ये हात घातला.

उजव्या हाताची चार बोटं गेली.

"मिस कॉल आला की वो सर," हणमंत म्हणाला. तक्रारीनं नाही. काहीतरी आपलंच चुकलं असेल, ते सर सांगतील, अशा आवाजात म्हणाला. "आला मिस कॉल. न्हाय तर मी हात घातला नसता."

सरांनी त्याच्या डाव्या हातावर हात ठेवला. मी खिडकीपाशी उभी होते. मला अजून काही माहीत नव्हतं.

गाळ्यावर येऊन सरांनी तशीच एक पेटी टेबलावर मांडली. वीज काढली, परत दिली, आणि लगेच मेसेज टाकला. मिस कॉल आला. आम्ही उभे राहिलो. अर्धं मिनिट झालं असेल नसेल, पेटीतला रिले टक्कन वाजला. मोटर चालू. सरांनी तेच परत केलं. परत टक्. तिसऱ्यांदा केलं तेव्हा नरसिंग बाहेर निघून गेला.

झालं होतं ते असं. पेटी सेकंद मोजत असताना मेसेज आला की, पाठवणाऱ्याचा नंबर आणि वेळ धरून, तीसेक अक्षरं मोजली जायची, आणि मोजायची पाटी तीच. एकशे दहा सेकंद उरलेले असायचे तिथं एकदम तीस. आणि इकडं मेसेज वाचायला घेईपर्यंत सेकंदांनी त्यातले चार-पाच खाल्लेले, त्यामुळं मेसेजची शेपटी तुटायची. 'बंद' हा शब्द शेपटीतच होता. टेबलावर हे कधी दिसलं नाही, कारण टेबलावर वीज आली की आम्ही चहा पीत दोन मिनिटं थांबायचो. मेसेज टाकायचं कारणच नव्हतं. मेसेज पाण्यात उभा असलेला माणूस टाकतो.

सरांनी प्रोग्राम उघडला. सगळ्यात वर ती ओळ होती. त्यांनी ती वाचली, मग फळ्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"सर, मी," एवढंच मी म्हणाले.

ते उठले. खडू घेतला. सहा नावांच्या खाली 'के' लिहिलं. पुढच्या रकान्यात, लिहिणाऱ्याचं नाव म्हणून, 'मुजावर' लिहिलं.

"सर, ते माझं आहे. तुमचं नाव का लिहिताय?"

"वाचल्याबिगर सही कुणी केली?" ते म्हणाले. "तू चुकलीस ते तुझ्याजवळ ठेव. बाहेर माझं नाव राहील."

मी त्यावर भांडायला हवं होतं. नाही भांडले. त्या वेळेला मला सुटल्यासारखं वाटलं, आणि याची लाज मला अजून वाटते.

मालकापुढं त्यांनी तेच सांगितलं. मालक वाईट माणूस नव्हता, घाबरला होता. म्हणाला, "ज्याची तक्रार येईल त्याची बदलून देऊ." सर म्हणाले, "तक्रार कशी येईल? ज्याची येईल त्याचा हात गेलेला असेल." त्या दुपारीच त्यांनी यादी समोर घेऊन प्रत्येकाला फोन लावला. "मेन स्विच पाडल्याशिवाय मोटारीला हात लावू नका. पेटीवर विश्वास ठेवू नका. हौ, मीच बनवलीय, म्हणून सांगतो." नंतर रजा टाकली आणि निघाले. एसटीनं जायचे, फाट्यावर उतरायचे, कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागं बसून शेतात. पाठीवर लॅपटॉपची पिशवी, खिशात बडीशेप. सुट्टीच्या दिवशी मीही बरोबर जायची. पेटी उघडायची, नवा प्रोग्राम भरायचा, वीज काढून परत द्यायची, मेसेज टाकायचा, आणि पेटीपुढं पुरी दोन मिनिटं उभं राहायचं. शेतकरी म्हणायचा, "झालं की सर, चहा घ्या." सर घड्याळावरून नजर काढायचे नाहीत. मगच यादीत खूण करायचे.

त्या बाजूला गेले की हणमंताकडं जायचेच. हणमंत डाव्या हातानं पाण्याचा तांब्या पुढं करायचा. तो आम्हाला कधी वाकडा शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं असं मला दर वेळी वाटायचं.

चाळीस पेट्या झाल्या. एकेचाळीस नंबरवाल्यानं पहिल्याच फोनवर सांगितलं होतं, "ती मोटारीसकट इकली की सर. करमाळ्याच्या बाजारात. घेणाऱ्याचं नाव न्हाय ठावं. गोरासा माणूस हुता, टमटम घिऊन आलता." पेटीतलं सिम त्यानं काढून घेतलं होतं, त्यामुळं फोनही लागेना. म्हणजे कुठंतरी एक माणूस होता, ज्याला आम्ही माहीत नव्हतो. तो पाण्यात उतरणार होता, मेसेज टाकणार होता, आणि त्याला मिस कॉल येणार होता.

सर आठवड्याच्या बाजाराला करमाळ्यात जाऊन उभे राहायचे. बी-बियाण्याच्या दुकानात, मोटार वाइंडिंगवाल्यांकडं, रसाच्या गाड्यावर, सगळीकडं कागद चिकटवून आले होते. माणसं ओळखायला लागली. "आले का पेटीवाले चाचा," म्हणायची. एक पावसाळा गेला, हिवाळा गेला. मग सरांना दम लागायला लागला. आधी बाजारातल्या चढावर, मग गाळ्याच्या दोन पायऱ्यांवर. फुप्फुसात पाणी होतं. काढलं तरी परत भरायचं. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं, त्याचा अर्थ आम्हाला सगळ्यांना कळला.

मी दर रविवारी करमाळ्याला जायची आणि सोमवारी सरांकडं. वरच्या मजल्यावरची खोली, खिडकीला लागून खाट. मी आत पाऊल टाकायच्या आधी ते विचारायचे, "सापडली?" मी म्हणायची, "नाही सर." मग ते मला कुठं कुठं गेले ते विचारायचे, आणि कुठं जायचं राहिलं ते सांगायचे. एवढं बोलताना तीन वेळा थांबावं लागायचं.

एका दुपारी चाचींनी मला जिन्यातच अडवलं. पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "उनकू नींद नई बेटी. आँख मिटे की बोलते, वो आदमी पानी में खडा है. तू बोल दे ना, मिल गई करके. क्या जाता तेरा?"

मी जिन्यात उभी राहिले. सरांशी मी एकदाच खोटं बोलले होते, आणि त्याचं काय झालं ते मी दवाखान्यात बघितलं होतं. पण वरून त्यांच्या श्वासाचा आवाज खाली येत होता. तो ऐकवत नव्हता.

"सापडली?" सरांनी विचारलं.

"सापडली सर."

ते उशीवरून थोडे वर सरकले. "कुठं?"

"करमाळ्याच्या अलीकडं. केळीची बाग आहे एकाची."

"डोळ्यानं बघितलीस? एकेचाळीस?"

"हो सर."

"प्रोग्राम बदललास? दोन मिनिटं उभी राहिलीस?"

"राहिले सर. नाही वाजला रिले."

त्यांचा चेहरा सैल पडला. खरंच पडला, मी बघितलं. चाची दारात उभ्या होत्या, त्यांनी तोंडाला पदर लावला. मला वाटलं, झालं हे बरं झालं, आता या माणसाला झोप लागेल.

सर डोळे मिटून पडले. मग डोळे न उघडताच म्हणाले, "फोन लाव त्याला."

"कुणाला सर?"

"त्या केळीवाल्याला. दोन शब्द बोलतो. इतके दिवस त्याला त्रास... त्याला सांगायला पाहिजे की."

मी मोबाइल हातात घेतला. उगाच नंबर शोधल्यासारखं केलं. बोट काचेवरून खालीवर फिरवत राहिले. "रेंज नाही सर तिकडं," म्हणाले.

त्यांनी डोळे उघडले. चष्मा नव्हता, त्यामुळं माझा चेहरा त्यांना धड दिसत असेल की नाही कोण जाणे, पण बघत राहिले. रागावले नव्हते. रागावले असते तर मी तिथंच पाय धरले असते.

"हौ," ते म्हणाले.

मग हात लांब करून उशीखाली काहीतरी चाचपलं. घडी घालून घालून मऊ झालेली यादी काढली आणि माझ्या हातात दिली. शेवटच्या ओळीपुढची जागा मोकळी होती. खूण करायला पेन्सिल मागितली नाही.

"साडेतीनची करमाळा गाडी मिळंल बघ तुला," श्वास गोळा करून सर म्हणाले. "नीघ."

मी यादी पर्समध्ये ठेवली आणि उठले. जिन्याच्या तोंडाशी जाऊन मागं वळून बघितलं. सरांनी चष्मा लावून घेतला होता आणि ते भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होते. तीन वाजून पाच मिनिटं झाली होती.